एअर फ्रायरमधले खिम्याचे गोळे दगड का होतात

नाशिकच्या पाथर्डी फाट्याला दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहणाऱ्या आणि अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या एका मुलाने विचारलंय: "काकू, सेलमध्ये एअर फ्रायर घेतला. तीनदा मटण खिम्याचे गोळे केले. पहिल्यांदा दगड झाले. दुसऱ्यांदा फुटून जाळीला चिकटले. तिसऱ्यांदा बाहेरून काळे, आत कच्चे, आणि घरभर धूर. मशीन खराब आहे का? आईसारखे रश्श्यातले मऊ गोळे यात होतील का?"

मशीन ठीक आहे रे. मी इंदिरानगरला घरूनच मटणाच्या ऑर्डरी घेते, वीस वर्षं होत आली. एअर फ्रायर येऊन सहा वर्षं झाली, आणि त्यातलं पहिलं वर्ष मी त्याला नावं ठेवण्यातच घालवलं. तुझे तिन्ही घोळ माझे करून झालेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. आईचा प्रश्न शेवटी घेऊ.

आधी हे यंत्र करतं काय ते बघ. फिलिप्सने २०१० साली हा डबा बाजारात आणला तेव्हापासून त्याच्या नावात फ्रायर आहे, पण आत तळण काही होत नाही. वर तापलेली कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीचं भांडं. छोटासा, जोरात वारा मारणारा ओव्हन म्हण. दोरीवरचे कपडे नुसत्या उन्हातही वाळतात, पण वारा सुटला की तासाभरात कडक होतात ना, तेच इथे गोळ्यांचं होतं. कढईत गोळा टाकला की सगळीकडून तेल भिडतं, कवच पटकन धरतं आणि आपण तो काढून घेतो. इथे त्याला दहा-बारा मिनिटं कोरडा गरम वारा खावा लागतो. कढई आपल्या बऱ्याच चुका पोटात घालते. हा वारा घालत नाही.

म्हणून यातला सगळा खेळ पाण्याचा. खिम्यात दोन तऱ्हेचं पाणी असतं. एक मोकळं: खिमा धुतल्याचं, कांद्याचं, न पुसलेल्या कोथिंबिरीचं. दुसरं धरून ठेवलेलं: मांसातलं आणि भिजवलेल्या पावातलं. मोकळं पाणी तापलं की वाफ होऊन वाट काढतं, तिथेच गोळ्याला चीर पडते, खाली गळून जाळीला चिकटतं. शिवाय वरचा भाग ओला आहे तोवर तो शंभर अंशांच्या वर चढतच नाही, आणि खरपूस बदामी रंग यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास जावा लागतो. मग गोळा राखाडीच दिसतो, आपण वेळ वाढवतो, आणि तेवढ्यात आतलं धरलेलं पाणीही उडून जातं. झाला दगड. तू मोकळं पाणी भरपूर ठेवलंस आणि धरून ठेवणारं काही घातलंच नाहीस, असा माझा अंदाज आहे.

सुरुवात खाटकाच्या दुकानातून. भद्रकालीत घे नाहीतर तुझ्या फाट्यावर घे, पण आधीच काढून ठेवलेला खिमा उचलू नकोस. रविवारी रांग असते, त्याला घाई असते, तरी समोर उभं राहून सांगायचं: मांडी आणि खांदा अर्धा-अर्धा, हाडाचा कण नको, वर थोडी चरबी, आणि मशीनमधून दोनदा काढा. बोकडाचं मांस मुळात कोरडं. साडेचारशे ग्रॅम मांसाला पन्नास-साठ ग्रॅम चरबी हवीच. "तब्येतीसाठी तर एअर फ्रायर घेतला, मग चरबी कशाला?" असं तुझा एखादा रूममेट म्हणेल. त्याला सांग, त्यातली बरीचशी खाली ट्रेमध्ये गळते, पण गळता गळता गोळा ओलसर ठेवून जाते. नुसत्या लाल मांसाचे गोळे कर आणि त्याला एक खायला दे, पुन्हा विचारणार नाही.

धुण्याबद्दल मला लोक भांडतात. खिमा चाळणीत घेऊन नळाखाली धरायची आपल्याकडे सवय आहे, माझ्या सासूबाईही धरायच्या. पण खिम्याने एकदा पाणी पिऊन घेतलं की ते काही केल्या पुरतं निघत नाही. जंतू म्हणशील तर ते धुऊन मरत नाहीत, शिजवूनच मरतात; धुताना उलट शिंतोडे उडून सिंकभर पसरतात. मनाला पटतच नसेल तर खाटकाला आधी मांस धुऊन, पुसून मग मशीनमध्ये घालायला सांग.

कांद्यावर आपण नाशिककरांनी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं! दिवाळीच्या सुमाराला येणारा नवा लाल कांदा, आपण पोळ म्हणतो तो, पाण्याने भरलेला असतो, म्हणून तर तो टिकत नाही. मार्च-एप्रिलपासून निघणारा उन्हाळ कांदा आवळ असतो, शेतकरी तो कांदाचाळीत साठवून दिवाळीपर्यंत पुरवतो. गोळ्यांना उन्हाळ कांदा चांगला. हिवाळ्यात लालच मिळणार, तेव्हा पिळायला कंटाळा करायचा नाही. माझा दरवर्षीचा अनुभव सांगते: मे महिन्यात ज्या मापाने गोळे सुरेख होतात, त्याच मापाने डिसेंबरात फुटतात, आणि बदललेला असतो तो फक्त कांदा.

कांदा सुरीने बारीक चिर. मिक्सरमध्ये फिरवलास तर चिंधडी होते, पाणी सुटतं आणि चव कडवट येते. दोन मध्यम कांदे, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेव. मग पातळ सुती फडक्यात घालून पोटली पीळ, अगदी चक्क्यासारखी. पाव वाटी पाणी सहज निघतं. ते ओतून देऊ नकोस, रश्श्यात घाल. ऑर्डरच्या गोळ्यांत मी अर्धा कांदा असा पिळलेला आणि अर्धा थोड्या तेलावर गुलाबी परतून, गार करून घालते. चव गोडसर येते आणि पाण्याची भीतीही उरत नाही.

आता धरून ठेवलेलं पाणी. रविवारी सकाळी मिसळ आणता ना तुम्ही? त्यातला उरलेला एक पाव बाजूला ठेव. दुसऱ्या दिवशीचा शिळा असेल तर अजून चांगला. त्याचे तुकडे करून तीन मोठे चमचे दुधात भिजव आणि बोटांनी कुस्करून लापशीसारखा कर, गुठळी राहू देऊ नकोस. पावातलं पीठ दूध शोषून धरून ठेवतं. मांस तापलं की आक्रसतं, ते आक्रसताना ही लापशी मध्ये येते, म्हणून गोळा आवळून घट्ट होत नाही. अर्धा किलो खिम्याला एक पाव पुरे. दोन घातलेस तर खिम्याचा गोळा न राहता पावाचा होईल.

बऱ्याच घरांत डाळ्याचं कूट घालतात. मीही एखादा चमचा घालते, मिश्रण सैल वाटलं तरच. दोन चमच्यांच्या वर गेलं की कोरडं आणि पिठूळ लागतं. बेसन नको, कच्चट लागतं. दही नको, त्याचं पाणी सुटतं. मटणाच्या गोळ्यांत अंडंही मी घालत नाही. खिमा नीट मळला तर त्याची गरज पडत नाही, उलट गोळा घट्ट होतो.

कच्ची पपई मात्र मुळीच नको. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका साखरपुड्याची साठ गोळ्यांची ऑर्डर होती. मऊ व्हावेत म्हणून दोन चमचे पपईचा कीस खिम्याला लावला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी बघते तर खिम्याचा लेप झालेला. पपईतला रस मांसाचे धागे तोडतो, तुकड्यांच्या मटणाला तो उपयोगी, पण खिमा आधीच तुटलेला असतो. त्या लेपाचे गोळे काही वळेनात. शेवटी तव्यावर थापून टिक्क्या म्हणून दिले आणि निम्मेच पैसे घेतले. यजमानांनी टिक्क्यांचं कौतुक केलं, ते ऐकून मला जास्त लाज वाटली.

मसाला साधा ठेव. आलं-लसूण वाटण एक मोठा चमचा, हिरवी मिरची, भाजलेल्या जिऱ्याची पूड, पाव चमचा गरम मसाला, मूठभर कोथिंबीर आणि थोडा पुदिना, दोन्ही धुऊन पूर्ण कोरडे करून. लाल तिखट आणि काळा मसाला गोळ्यात भरपूर घालशील तर वाऱ्याच्या झोतात वरचा मसाला करपतो. तुझे बाहेरून काळे झाले त्यात हेही एक कारण असणार. काळा मसाला रश्श्यासाठी ठेव.

मळण्याची पायरी लोक उरकून टाकतात, आणि खरं काम तिथेच असतं. गार खिमा परातीत घे, त्यात फक्त मीठ घाल, आठ ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड चमचा सपाट. बाकी काही नाही. तळहाताच्या गादीने दाबत, पुढे ढकलत दोन मिनिटं मळ. आधी खिमा सुटासुटा असतो, शेवया विस्कटल्यासारखा. मिनिटभराने हाताला लागायला लागतो. मग एक क्षण येतो, परातीचा तळ स्वच्छ सुटतो, खिमा एकजीव होऊन चकाकतो आणि हात उचलला की त्याच्या बारीक तारा बोटांबरोबर वर येतात. चिमूटभर घेऊन तळहातावर थापायचा आणि हात उलटा करायचा. पडला नाही तर झालं. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात, आणि हाच आपला डिंक. त्यानंतर पावाची लापशी, कांदा, बाकीचं सगळं घालून हलक्या हाताने फक्त मिसळ. इथेही जोर लावत बसलास तर रबर होईल. तुझा पहिला दगड कदाचित यातूनच आला असेल, कारण मुलगे मळायला लागले की व्यायाम समजून मळतात.

खिमा गार हवा हे मी मुद्दाम म्हणते आहे. डिसेंबरात आपल्याकडे परातीतच हात गारठतात, तेव्हा प्रश्न नाही. एप्रिल-मेमध्ये चरबी तळहातावरच वितळायला लागते, हात तुपकट होतात आणि मिश्रण काही केल्या धरत नाही. तेव्हा परात बर्फाच्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवायची.

मीठ बघायला कच्चा खिमा जिभेवर ठेवू नकोस. सुपारीएवढी टिक्की तव्यावर भाजून खा.

गोळे वजनकाट्यावर कर, प्रत्येकी ३५ ग्रॅम. मोठ्या लिंबाएवढा होतो. एवढ्या मिश्रणात वीसेक होतात. तुझे आत कच्चे राहिले ते बहुतेक साठ-सत्तर ग्रॅमचे असतील. वळताना हात पाण्याने ओलसर कर, तेलाने नको, तेलाने चीर नीट मिटत नाही. चीर दिसली की तिथूनच फुटणार, तेव्हा बोटाने पुसून घे. मग ताटात ठेवून अर्धा तास फ्रिजमध्ये.

लावण्याआधी प्लग बघ. हा डबा साधारण १५०० वॅटचा असतो, म्हणजे साडेसहा अँपिअरच्या आसपास. मोबाइल चार्जरचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, त्यात ॲडॅप्टर खुपसून चालवलास तर एक दिवस प्लास्टिक जळाल्याचा वास येईल. गीझरसारखं १६ अँपिअरचं मोठं सॉकेट असतं, तेच वापर. विजेची काळजी नको, दोन घाण्यांना पाऊण युनिटही लागत नाही.

डबा २०० अंशांवर चार मिनिटं रिकामा तापव. या वेळी आत बटर पेपर ठेवू नकोस. वर वजन नसलेला कागद वाऱ्याने उडून कॉइलला चिकटतो आणि जळतो, माझ्या स्वयंपाकघराच्या छताला त्याची खूण आहे. गोळ्यांना ब्रशने तेलाचा हात लाव, वीस गोळ्यांना दोन चमचे पुरतं. आता तापमान १९० कर आणि गोळे एका थरात, दोघांत बोटभर जागा सोडून लाव. चार लिटरच्या डब्यात नऊ-दहाच बसतात. सगळे एकदम कोंबलेस तर वारा फिरत नाही आणि गोळे एकमेकांच्या वाफेत उकडले जातात. पहिली सात मिनिटं डबा उघडायचा नाही, हलवायचा तर मुळीच नाही. कवच धरलं की गोळा आपोआप जाळी सोडतो. मग चिमट्याने उलटे करून आणखी चार मिनिटं.

हे आकडे माझ्या मशीनचे. प्रत्येक डबा आपापल्या मनाने तापतो, म्हणून पहिल्यांदा एकच गोळा लावून बघ. तो वाया गेला तर एक गेला.

धूर म्हणजे जाळीखाली गळालेली चरबी जळते आहे. खालच्या ट्रेमध्ये चार चमचे पाणी घालून ठेव किंवा शिळ्या ब्रेडची एक स्लाइस ठेव, ती चरबी पिऊन घेते. दुसऱ्या घाण्याआधी ट्रे पुसायचा. आदल्या दिवशीच्या चिकनची चरबी तशीच खाली असताना तू गोळे लावले होतेस का, हे आठवून बघ!

गोळा शिजला का, हे रंगावरून ठरवू नकोस. कधी कधी कच्चा असूनही तपकिरी दिसतो, आणि कांदा-कोथिंबिरीमुळे पूर्ण शिजलेलाही आत गुलाबी राहतो. मटणाच्या तुकड्यावर जंतू बाहेरच्या बाजूला असतात, खिम्यात मात्र दळताना ते आतपर्यंत जातात. म्हणून गोळ्याचा मध्य ७१ अंशांपर्यंत जायलाच हवा, चिकन असेल तर ७४. टोचायचा डिजिटल थर्मामीटर घे. तीन पोरांच्या घरात त्याच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही, दूध-चहापासून केकपर्यंत चालतो.

रश्श्यात घालायचे असतील तर शेवटची दोन मिनिटं कमी कर आणि गोळे लगेच उकळत्या रश्श्यात सोड. लगेच म्हणजे लगेच. अर्धवट शिजवून "शिफ्टवरून आल्यावर रश्श्यात टाकू" असं करायचं नाही, कोमट गोळ्यात जंतू फोफावतात. रस्सा आपला नेहमीचाच: कांदा आणि सुकं खोबरं गॅसवर भाजून काळपट करायचं, आलं-लसणाबरोबर वाटायचं, तेलात काळ्या मसाल्यासोबत तेल सुटेपर्यंत परतायचं, गरम पाणी घालायचं. ट्रेमध्ये पाणी ठेवलं असशील तर त्यात उतरलेला चरबीचा अर्क जळलेला नाही हे बघून रश्श्यात ओत. मी ओततेच. गोळे सोडल्यावर आच मंद करून झाकण अर्धवट ठेव, आठ-दहा मिनिटं. खळखळ उकळी आली की गोळे एकमेकांवर आपटून तुटतात. डाव घालून ढवळू नकोस, पातेलं धरून गोल हलव.

चिकनचं थोडक्यात: छातीचा खिमा नको, लेगचा घे. तो ओला असतो म्हणून पाव तोच, पण दूध एकच चमचा, आणि इथे अर्धं फेटलेलं अंडं चालतं. १८० अंशांवर अकरा-बारा मिनिटं.

उरलेले गोळे दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजेत, मे महिन्यात तासाभरातच. कच्चे वळलेले ठेवायचे तर ताटात सुटे सुटे गोठवून मग पिशवीत भर. तसेच गोठलेले लावायचे असतील तर आधी १७० वर सहा मिनिटं, मग १९० वर आठ-नऊ, आणि थर्मामीटर टोचल्याशिवाय खायचे नाहीत. जाळी कोमट असतानाच साबणाच्या पाण्यात भिजव, तारेची घासणी लावू नकोस.

आता आईसारखे होतील का. आईला फोन करून एवढंच विचार, ती गोळे तळून रश्श्यात घालायची की कच्चेच सोडायची. तळून घालत असेल तर वर सांगितलं तसं कर, फरक ओळखू येणार नाही. पण आमच्याकडच्या जुन्या बायका कच्चे गोळे एकेक करून थेट उकळत्या रश्श्यात सोडतात. त्याला खरपूस कवच नसतं, तो रश्श्यातच शिजतो, रस्सा पितो आणि भाकरीवर बोटाने दाबला की पसरतो. तसला हवा असेल तर मळायचं आणि पिळायचं सगळं हेच, फक्त फ्रायर त्या दिवशी ओट्यावरून उचलून कपाटात ठेव.